लग्नाच्या मांडवात शाळकरी मुलांच्या हाती दारू : गावाने नेमके काय करावे?

बोरीकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातील एका लहान गावात राहते. दोन मुलांची आई आहे आणि गावच्या शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका लग्नात, हळदीच्या रात्री, नववीत शिकणारा एक मुलगा मांडवामागे कडब्याच्या गंजीला टेकून बेशुद्ध पडलेला सापडला. त्याच्याबरोबरची मुले घाबरून पळून गेली होती. जमलेल्या लोकांनी त्याच्या डोक्यावर घागरभर पाणी ओतले, तोंडात लिंबू पिळले, "झोपू द्या, सकाळपर्यंत उतरेल" असेही म्हणून झाले, आणि सुमारे दीड तासाने कोणीतरी गाडी काढून त्याला रुग्णालयात नेले. मुलगा वाचला. दुसऱ्या दिवशी त्याची आई मला म्हणाली, "ताई, माझ्या पोराला एवढी दारू दिली तरी कोणी?" या प्रश्नाचे उत्तर गावातील निदान दहा जणांना ठाऊक होते, पण एकानेही तोंड उघडले नाही.

आता ग्रामसभेत तीन सूचना आल्या आहेत. ज्याचा मुलगा दारू पिताना सापडेल त्या घराला पाच हजार रुपये दंड करावा, ही पहिली. जवळच्या मोठ्या गावातील देशी दारूचे दुकान 'आडव्या बाटली'ने, म्हणजे दारूबंदीच्या मतदानाने, बंद करावे, ही दुसरी. शाळेत व्यसनमुक्तीचे व्याख्यान ठेवावे, ही तिसरी. तिन्ही सूचना मनापासून आलेल्या आहेत हे मला मान्य आहे, तरी माझे समाधान होत नाही, कारण त्या रात्री त्या मुलाच्या हाती बाटली कशी पोहोचली याचा विचार यांपैकी एकाही सूचनेत नाही. येत्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मुहूर्तावर गावात आणखी चार लग्ने आहेत. ज्यांच्या गावात याबाबत काही केले गेले असेल, त्यांनी काय केले, कशाचा उपयोग झाला आणि कशाचा झाला नाही, हे कृपया सविस्तर लिहावे.

पांझराकाठचे गुरुजी

ताई, मी धुळे जिल्ह्यात माध्यमिक शाळेत तीस वर्षे शिकवले आणि आता निवृत्त आहे. आपण विचारलेला प्रश्न आमच्या गावानेही सहा-सात वर्षांपूर्वी स्वतःला विचारला होता. तेव्हा आम्ही सर्वप्रथम एकच गोष्ट केली. नववी-दहावीच्या मुलांना कोणतीही शिक्षा होणार नाही असा शब्द दिला आणि दारू कोठून मिळते हे त्यांनाच विचारले. उत्तरे ऐकून आम्ही मोठी माणसे खाली मान घालून बसलो होतो.

परवानाधारक दुकानातून स्वतः विकत आणणारी मुले अगदी थोडी होती. बहुतेकांची पहिली दारू लग्नातली होती. वाढपी म्हणून रोजाने गेलेल्या मुलांनी पंगत उठल्यावर मांडवामागच्या बाटल्यांत उरलेली दारू शीतपेयाच्या बाटलीत जमवलेली असे. काहींना नवरदेवाच्या मित्रांनी "वरातीत नाचायचे तर एक घोट घ्यावाच लागतो" असे म्हणून दिली होती. काहींना तर घरच्याच काकाने किंवा मामाने चपटी आणायला पाठवले होते आणि उरलेल्या सुट्या पैशांबरोबर झाकणभर दारूही बक्षीस म्हणून दिली होती. एका मुलाने सांगितले की, त्याला पिताना पाहून एक वडीलधारे गृहस्थ थांबले, हसले आणि "जाऊ द्या, पोऱ्या शे" (पोरगा आहे) असे म्हणून पुढे गेले. माझ्या मते सारा प्रश्न त्या एका वाक्यात आहे. मुलाला बाटलीपेक्षाही त्या हसण्याने परवानगी मिळते.

म्हणून आम्ही मुलांना सोडून यजमानांकडे वळलो. लग्नाची तारीख निघाली की गावातील चार-पाच जण, त्यात दोन स्त्रिया असतातच, नवऱ्याच्या किंवा नवरीच्या वडिलांकडे चहाला जातात. दारू आणू नका असा उपदेश तेथे होत नाही, कारण तसा उपदेश केला की माणूस मान हलवतो आणि पेट्या मागच्या दाराने येतात. आम्ही फक्त एवढेच विचारतो की, तुमच्या मांडवात अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती दारू जाणार नाही याची जबाबदारी कोण घेईल, त्या माणसाचे नाव सांगा. नाव सांगावे लागले की गोष्ट बदलते. ती व्यक्ती बहुधा नवरदेवाचा मोठा चुलतभाऊ किंवा मेहुणा असतो, आणि सर्वांसमक्ष नाव घेतले गेल्यामुळे तो रात्रभर लक्ष ठेवतो. वाढपी अठरा वर्षांवरील असावेत, हे आचाऱ्याला आधीच सांगितले जाते. डीजे रात्री दहाला बंद व्हावा हा तर कायद्याचाच नियम आहे, परंतु तो पाळला गेला की मुले वेळेत घरी जातात, हा फायदा आम्हाला नंतर कळला.

पहिल्या वर्षी दोन घरांनी आम्हाला चहासुद्धा विचारला नाही. एका घरी भाऊबंदकीचा जुना वाद निघाला आणि आम्हाला उठून यावे लागले. हे सर्व सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. आजही लग्नात दारू असते. पण शाळकरी मुलाला उघडपणे ग्लास देणारा हात आता आमच्या गावात अडखळतो.

रावेरचा शेतकरी

गुरुजींचा अनुभव मोलाचा आहे, तरीही मी थोडा असहमत आहे. आमच्याकडे केळीच्या भरणीवर जाणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या खिशात संध्याकाळी रोख मजुरी असते. रस्त्यावरच्या टपरीवर बेकायदा विकली जाणारी चपटी त्यांना वय न विचारता मिळते, आणि मध्य प्रदेशची हद्द जवळ असल्यामुळे माल बाहेरूनही येतो. विक्री थांबल्याशिवाय यजमानांना समजावून किती उपयोग होणार? दुकान आणि टपरी बंद करणे हेच पहिले काम असले पाहिजे, असे माझे मत आहे.

कायदा साक्षर

मी जळगावला वकिली करतो. दंड, दुकान आणि टपरी या तिन्ही गोष्टींचा कायदा वेगवेगळा आहे आणि चर्चेत तो एकत्र मिसळला जात आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी किमान वय 21 आणि इतर मद्यासाठी 25 वर्षे आहे, म्हणजे नववीतल्या मुलाचा प्रश्न या मर्यादेच्या पुष्कळ अलीकडचा आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी याहून कठोर तरतूद बाल न्याय अधिनियम, 2015 मध्ये आहे. त्याच्या कलम 77 नुसार डॉक्टरांच्या सूचनेशिवाय मुलाला मद्य देणाऱ्या किंवा देवविणाऱ्या व्यक्तीला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम 78 मध्ये मुलाचा वापर मद्याची विक्री, वाहतूक किंवा पुरवठा यांसाठी करणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा सांगितली आहे. येथे 'देणारा' म्हणजे केवळ दुकानदार नव्हे. मामा, नवरदेवाचा मित्र आणि यजमानही त्यात येऊ शकतात. नंदुरबार जिल्ह्याच्या सीमाभागात गुजरातच्या दारूबंदीमुळे चोरट्या वाहतुकीचा मोह मोठा आहे. तेथे मुलांच्या हाती पिशवी देणाऱ्यांनी कलम 78 अवश्य वाचावे. या कलमांच्या दृष्टीने मूल हे आरोपी नसून अन्याय झालेली व्यक्ती आहे, हे गावाने लक्षात घ्यावे.

त्यामुळे पाच हजारांच्या दंडाची सूचना मला चुकीची वाटते. असा दंड बसवण्यास कायद्याचा आधार नाही, आणि तो भरला नाही म्हणून त्या कुटुंबाशी व्यवहार तोडण्याचे कोणी ठरवले, तर सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या 2016 च्या अधिनियमाखाली गावकरीच आरोपी होतील. त्याहूनही वाईट परिणाम असा की, दंडाच्या भीतीने पुढच्या वेळी आई-वडील बेशुद्ध मुलाला रुग्णालयात न नेता घरात लपवतील.

आता 'उभी बाटली, आडवी बाटली'बद्दल. 2008 पासून ही तरतूद अशी आहे की, गावातील एकूण महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी किमान 25 टक्के जणांनी निवेदन दिले, तर सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. आडव्या बाटलीला 50 टक्क्यांहून अधिक मते मिळाली तर दुकान बंद होते. मात्र ही टक्केवारी मतदानाला आलेल्यांची नसून यादीतील एकूण मतदारांची असते, आणि येथेच पुष्कळ गावे हरतात, कारण सुरतेला किंवा नाशिकला कामाला गेलेल्या मतदाराचे न पडलेले मत प्रत्यक्षात उभ्या बाटलीच्या बाजूने मोजले जाते. बोरीकाठ ताई, आपल्या बाबतीत दुकान दुसऱ्या गावात आहे, म्हणून निर्णय त्या गावच्या मतदारांचा असेल. शिवाय या मतदानाने केवळ परवानाधारक दुकान बंद होते. रावेरच्या भाऊंनी सांगितलेल्या टपरीला मुळात परवानाच नाही, त्यामुळे तिच्यासाठी मतदान नव्हे, तर तक्रार लागते. दारूबंदी कायद्यात 2016 साली दुरुस्ती करून ग्रामरक्षक दलाची तरतूद केली गेली ती यासाठीच. ग्रामसभेच्या ठरावाने असे दल स्थापन करता येते आणि त्याच्या माहितीवर पोलीस व राज्य उत्पादन शुल्क विभागाने कारवाई करणे अपेक्षित असते.

आणखी एक यंत्रणा प्रत्येक गावात असावी अशी अपेक्षा आहे, पण ती बहुधा कागदावर राहते. सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सदस्य-सचिव असलेली ग्राम बाल संरक्षण समिती आपल्या गावात आहे का, तिची शेवटची बैठक केव्हा झाली, हे ग्रामसभेत विचारा.

तापीकाठची परिचारिका

ताई, आपल्या प्रश्नातले पाणी, लिंबू आणि दीड तास वाचून मला राहवले नाही. मी ग्रामीण भागात बावीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे. लग्नसराईत रात्री आणलेली अशी मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांतील एक सकाळपर्यंत राहिले नाही.

शेवटचा घोट घेतल्यानंतरही पोटातील दारू रक्तात मिसळत राहते, त्यामुळे झोपी गेलेल्या मुलाची अवस्था अर्ध्या-पाऊण तासाने सुधारण्याऐवजी आणखी बिघडू शकते. "झोपू द्या" हा सल्ला म्हणूनच सर्वांत घातक आहे. मुलांचे वजन कमी असते, त्यांच्या रक्तातील साखर दारूमुळे वेगाने उतरते, आणि शुद्ध नसताना उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊन श्वास कोंडतो. थंड पाणी ओतल्याने शरीराचे तापमान आणखी खाली जाते. लिंबू, ताक, कॉफी यांनी दारू उतरत नाही, उलट बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घातले तर गुदमरण्याचाच धोका असतो. हाका मारून मूल जागे होत नसेल, श्वास फार मंद असेल किंवा दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांचे अंतर पडत असेल, ओठ निळसर आणि अंग गार लागत असेल, तर त्याला कुशीवर वळवावे, अंगावर पांघरूण घालावे, एक क्षणही एकटे सोडू नये आणि ताबडतोब 108 ला फोन करावा. डॉक्टरांना काय आणि किती प्यायले ते खरे सांगावे. घरगुती गाळलेली किंवा भेसळीची दारू असल्याचा संशय असेल तर तेही सांगावे, कारण मिथेनॉलच्या विषबाधेत दृष्टी जाते आणि उपचार वेगळे असतात. ही माहिती शाळेच्या व्याख्यानात सांगितली गेली, तर त्या व्याख्यानाचा खरा उपयोग होईल, कारण त्या रात्री पळून गेलेली मुले कशाला घाबरली होती? मार बसेल, याला. मित्र मरेल ही भीती त्यांना कोणी दिलीच नव्हती, आणि मदतीसाठी हाक मारणाऱ्याला शिक्षा होणार नाही हा भरवसाही दिला नव्हता.

"मोठेपणी पितोच, मग आता काय बिघडले" असे म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. निर्णय घेणारा आणि स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. अमेरिकेत 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, पंधराव्या वर्षाआधी पिऊ लागलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के लोक पुढे आयुष्यात कधी ना कधी दारूच्या आहारी गेलेले आढळले, तर विशीत किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे 10 टक्के होते. आपल्या देशात 2019 च्या राष्ट्रीय पाहणी अहवालानुसार 10 ते 17 वयोगटातील 1.3 टक्के मुले दारू पितात. टक्केवारी लहान वाटते, पण ती संख्या लाखांमध्ये जाते. ज्याला सवय लागलीच आहे अशा मुलासाठी व्यसनमुक्तीची 14446 ही निःशुल्क हेल्पलाइन आहे, आणि मुलांच्या कोणत्याही संकटासाठी 1098 आहे. हे दोन्ही क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्या. कागदाचा फलक पहिल्या पावसात जातो.

धडगावकर

मी नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी भागातील पावरा या आदिवासी समाजाचा आहे आणि आश्रमशाळेत शिकवतो. आमच्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. मोहाची दारू आमच्या देवकार्यात आहे. पूजेच्या वेळी जमिनीवर धार सोडली जाते, आणि जन्मापासून मृत्यूपर्यंत तिला स्थान आहे. बाहेरून आलेला वक्ता जेव्हा सभेत उभा राहून "तुमचा समाज दारूमुळे मागे राहिला" असे म्हणतो, तेव्हा माझे विद्यार्थी मान खाली घालतात आणि त्या दिवसापासून त्या विषयावरचे आमचे बोलणे संपते. असे दोनदा झाल्यावर मी व्याख्याने बोलावणे बंद केले.

आम्हाला उपयोग झाला तो आमच्याच इतिहासाचा. तळोदा तालुक्यातील मोरवडचे संत गुलाम महाराज यांनी 1930 च्या दशकात याच सातपुड्याच्या पायथ्याशी हजारो आदिवासींना दारू सोडायला लावली होती. 1938 मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांचे बंधू रामदास महाराजांनी ते काम पुढे नेले. एकमेकांना 'आप' म्हणा, हा त्यांचा आग्रह होता. त्यांनी माणसाला आधी मान दिला आणि मग व्यसन सोडायला सांगितले, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. मी मुलांना ही कथा सांगतो, तेव्हा ती मान वर करून ऐकतात.

आमच्या पाड्यावर कारभारी, पुजारा आणि स्त्रियांच्या बचत गटाने बसून ठरवले की, देवाची धार वडीलधाऱ्यांनी सोडावी, मुलांच्या हाती पानाचा द्रोण देऊ नये, आणि होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारात आपापल्या पाड्याच्या मुलांबरोबर दोन मोठी माणसे असावीत. ज्यांची गावे अनुसूचित (आदिवासी म्हणून घोषित) क्षेत्रात आहेत त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, 1996 च्या पेसा कायद्याने (अशा क्षेत्रांतील पंचायतींसाठीच्या कायद्याने) मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेसाठी मान्य केला आहे, आणि राज्याचे पेसा नियम 2014 पासून लागू आहेत. पण अधिकार वापरण्याआधी घरातले एकमत लागते. आमच्याकडे ते व्हायला दोन होळ्या गेल्या.

पांझराकाठचे गुरुजी

रावेरच्या भाऊंशी मी वाद घालणार नाही. टपरी बंद झालीच पाहिजे, आणि वकील साहेबांनी तिचा मार्गही सांगितला आहे. मात्र त्यांनी मजुरीच्या संध्याकाळचा जो उल्लेख केला, त्यावर आणखी बोलले पाहिजे. संध्याकाळी सात ते दहा या वेळात आपल्या गावातील सोळा वर्षांच्या मुलाला जाण्यासाठी पार आणि टपरी यांशिवाय दुसरी जागा कोणती आहे?

आइसलँड नावाच्या छोट्या देशात 1998 साली 15-16 वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुलांनी मागच्या महिन्याभरात नशा येईपर्यंत मद्य घेतले होते. 2016 पर्यंत हे प्रमाण 5 टक्क्यांवर आले. तेथे भाषणांवर भर नव्हता. मुलांच्या संध्याकाळी खेळांनी आणि संगीताने भरल्या गेल्या, रात्री उशिरा बाहेर राहण्यावर वयानुसार मर्यादा आली, आणि एकाच वर्गातील मुलांच्या पालकांनी आपसांत लेखी करार केले की आमच्यापैकी कोणाच्याही घरी कोणाच्याही मुलाला मद्य मिळणार नाही. तो देश श्रीमंत आहे, आपली गावे नाहीत, हे मला कळते. तरी पालकांच्या कराराला पैसे लागत नाहीत. आणि ताई, आपल्याच अमळनेरात प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत असताना साने गुरुजी छात्रालयातील मुलांसाठी आपल्या संध्याकाळी कशा खर्च करत, हे आपल्या भागातील जुन्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितले आहे. आमच्या गावात ग्रामपंचायतीची एक खोली दिवाबत्तीसह रात्री साडेनऊपर्यंत अभ्यासिका म्हणून उघडी राहते आणि बाहेरच्या मैदानावर कबड्डी चालते. खोलीची किल्ली पाळीपाळीने पालकांकडे असते. भरणीवरून आलेली मुलेही येतात. ती अभ्यास करतातच असे नाही, पण ती तेथे असतात.

बोरीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री आपली उत्तरे मी सरपंचांना आणि अंगणवाडीच्या ताईंना वाचून दाखवली. बाल संरक्षण समिती आमच्याकडे आहे, मात्र तिची बैठक कधी झाली हे दोघांनाही आठवेना. ती येत्या सोमवारी शाळेत बोलावली आहे. दंडाची सूचना मागे घेण्याविषयी सरपंच तयार आहेत. ज्यांनी ती मांडली ते काका दुखावले जातील अशी त्यांना काळजी वाटते, म्हणून मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन वकील साहेबांचा मजकूर दाखवणार आहे. परिचारिका ताईंनी लिहिलेले मी वहीत उतरवून घेतले आहे आणि ते त्या मुलाच्या आईलाही दिले. ती बराच वेळ वाचत होती. मग म्हणाली, "सोमवारच्या बैठकीला मीही येते."

एक अडचण उरते. आखाजीच्या चार लग्नांपैकी एक आमच्याच भाऊबंदांत आहे, आणि पेट्या आणण्याचे काम ज्यांच्याकडे आहे ते माझे सख्खे दीर आहेत. त्यांच्याशी हे बोलणे मी काढले तर घरात काय होईल, याची मला धास्ती वाटते. गुरुजी, आपण असे कधी केले आहे का?

पांझराकाठचे गुरुजी

केले आहे. माझ्या धाकट्या भावाशी. तो तीन दिवस बोलला नाही. ताई, आपण एकट्या जाऊ नका आणि तक्रारीच्या सुरात बोलू नका. त्या मुलाच्या आईला बरोबर घ्या आणि आपल्या दीरांनाच विनंती करा की, त्या रात्री मुलांवर लक्ष ठेवणारा माणूस म्हणून तुमचे नाव आम्ही गावाला सांगू का.